गोचुजांगचा लाल डबा आणि पंचाहत्तर खिम्याचे गोळे

आधीच सांगून टाकतो, आमचं घर मिरचीचं. बेळगावच्या शहापुरात आजोबांपासून कांडपाचा धंदा, मार्च ते मे घरात कुणी नीट श्वास घेत नाही, आलेला पाहुणा दारातच दोन शिंका देऊन मग चप्पल काढतो. असल्या घरातल्या माणसाला कुणी गोचुजांग म्हणून अर्धा किलो आंबवलेल्या कोरियन मिरचीच्या लगद्याचे साडेपाचशे रुपये सांगितले तर त्याचं डोकं फिरणारच की. दुकानात उभ्या उभ्या माझा हिशेब झाला, एवढ्या पैशात ब्याडगी किती आली असती, त्यात संकेश्वरी किती पडली असती, वगैरे. तरी घेतला. म्हणून हा रिव्ह्यू जरा मोठा होणार, साडेपाचशेला घेतलेल्या वस्तूवर चार ओळी लिहून माझं समाधान होत नाही.

घेतला तो पुतणीसाठी. तिला अठरा पूर्ण झाली, गच्चीवर पार्टी, पंचवीस डोकी, आणि तिची एकच अट होती. "काका, मंचुरियन नको. चिकन सिक्स्टीफाय पण नको. कोरियन पाहिजे." वर्षभर ही पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कोरियन सिरीयली बघूलालीया, आता जेवताना चमच्याऐवजी चॉपस्टिक शोधते, आमटीभाताला चॉपस्टिक, काय बोलायचं. मी म्हटलं ठीक आहे, आपण खिम्याचे गोळे करू आणि त्याला तुझा तो कोरियन सॉस लावू, टूथपिक खुपसून फिरवू. तिला पटलं. वहिनीला पटलं नाही, पण खिमा मी आणणार आणि भांडी पण मी घासणार म्हटल्यावर तिचं काही म्हणणं राहिलं नाही.

आता डबा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे चाखून बघितले आणि माझं म्हणणं दोन्हीला सारखंच लागू पडतं. पहिला मागवला ॲपवरून. आला तो झाकणाला चीर पडलेला, अर्धी मिरची पुठ्ठ्याला लागलेली, पुठ्ठा चाटायचा का आता? फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, मग दुसऱ्या बाजूनं पाठवा म्हणाले, ते पण पाठवले, पैसे आले अकराव्या दिवशी. तोपर्यंत पार्टी चार दिवसांवर आलेली. मग टिळकवाडीत बाहेरून आलेलं सामान ठेवणारं एक दुकान आहे तिथं गेलो, चाळीस रुपये जास्त गेले पण डबा हातात धरून, उलटासुलटा करून, तारीख बघून घेता आला. सल्ला मागाल तर असा डबा हातात धरूनच घ्या. आयात केलेल्या मालावर इकडं आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षावाल्यांचा) नंबर असलेला स्टिकर असतो, तो नसेल तर ठेवून द्या आणि पुढं चला. आणि तारीख वाचताना घाई करू नका, कोरियावाले वर्ष आधी लिहितात, मग महिना, मग दिवस. मी उलटं वाचून एक डबा उगीच परत ठेवला होता.

दुकानदारानं मला सांगितलं, "सर, शेजवान चटणीसारखंच आहे." नाही हो. शेजवानचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही, आणि पार्टीच्या आधी घरी चाखून बघितलं नसतं तर त्या एका वाक्यानं माझी पंचाहत्तर गोळ्यांची इज्जत गेली असती.

घरी येऊन डबा उघडला. वर चांदीचं सील, त्याखाली गडद विटकरी रंगाचा घट्ट लगदा, चमचा उभा केला तर उभाच राहतो. वास पहिल्यांदा मिरचीचा येतच नाही. आधी मुरलेल्या लोणच्याच्या बरणीचा, मग मागून कुठून तरी उकडलेल्या कडधान्याचा, आणि सगळ्यात शेवटी मिरची, ती पण लांबून. आईनं करंगळीच्या टोकानं घेतलं, जिभेला लावलं, आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मी गिऱ्हाइकाच्या मिरचीत रंग मिसळताना सापडलो.

"ही चटणी हाय?"

"होय."

"ह्यात गूळ कुणी घातलंय? आणि तिखट कुठं गेलं?"

आईचं बरोबर आहे आणि बरोबर नाही. आपल्याकडं, म्हणजे कोल्हापूर-निपाणीपासून खानापूरपर्यंत, चटणी म्हटलं की वर्षाची कांदा-लसूण चटणी, आणि तिचं पहिलं काम तिखट लागणं. गोचुजांगचं पहिलं काम ते नाहीच. ते गोड, खारट, आंबूस, मग तिखट, आणि सगळ्याच्या तळाला आंबवलेल्या सोयाबीनची ती जड चव. नुसतं तिखट पाहिजे म्हणून घेतलंत तर पैसे पाण्यात. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे तरी हा डबा चाखून परत द्यायला येतील, याची मला खात्री आहे.

ते बनतं कसं हे पुतणीनं मला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर डब्याबद्दलचा माझा राग तिथंच निम्मा उतरला. सोयाबीन शिजवून कुटायचे, त्याच्या विटा करून वाळवायच्या आणि आंबू द्यायच्या, ह्याला मेजू म्हणतात. त्याची पूड, चिकट तांदळाचा शिजवलेला लगदा, जवाचं माल्ट, मीठ आणि मिरचीपूड, हे सगळं एकत्र करून मातीच्या मोठ्या रांजणात महिनोन्महिने उन्हात मुरवायचं. रांजणाला ओंगी म्हणतात. जुन्या पद्धतीत साखर घालायची गरज नसते, माल्टमुळं तांदळातल्या पिठाचीच साखर होते. आपल्याकडं मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व शिजवताना आपोआप गोडूस लागतं ना, तोच प्रकार. म्हणजे आईला लागलेला गूळ हा तांदळाचा गूळ. डब्यातल्या मालात मात्र कारखानेवाले सिरप घालतातच, मागं लिहिलेलं असतं, त्यामुळं आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सुनचांग म्हणून तिकडं एक गाव-तालुका आहे तो गोचुजांगसाठी असा प्रसिद्ध जसं आपलं संकेश्वर मिरचीला. आणि हे असले सगळे जांग, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले लगदे आणि सॉस, मुरवायची तिथली रीत २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. आमचं कांडप कधी जाणार काय माहीत, आम्हाला तर शेजारी आवाजाबद्दल तक्रार करतात.

गंमत म्हणजे मिरची त्यांची पण नाही आणि आपली पण नाही. अमेरिका खंडातून निघालेली, आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली, गोवा इथून चोर्ला घाट उतरला की आलंच, आणि कोरियात पण ती सोळाव्या शतकाच्या शेवटाला कधीतरी पोचली असं मानतात. म्हणजे दोघं पण उपरे, आणि दोघं पण असं वागतात जसं मिरची आपल्याच अंगणात उगवली.

तिखटाचं सांगतो. कोरियात डब्यावर तिखटाचे पाच टप्पे छापायची पद्धत आहे, अगदी सौम्यपासून जहालपर्यंत. माझा मधला होता. मधला म्हणजे आपल्या हिशेबानं बालवाडी. त्यांची मिरची, गोचुगारू म्हणतात त्या पुडीची, रंगाला लालभडक आणि तिखटाला मऊ, म्हणजे स्वभावानं आपल्या ब्याडगीची चुलत बहीण. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, २०११ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली, रंग भरपूर आणि जाळ कमी. जाळासाठी आम्ही त्यात संकेश्वरी मिसळतो. हे डोक्यात बसल्यावर मला उत्तर सापडलं. डब्यानं चव द्यायची, जाळ आपण आपला घालायचा.

पण ते सापडायच्या आधी एक घाणा वाया गेला. पार्टीच्या तीन दिवस आधी अर्धा किलो खिम्याची ट्रायल केली. दोन चुका केल्या, दोन्ही लिहून ठेवतो म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिली, खिम्यात हाताच्या सवयीनं मीठ घातलं, नेहमी घालतो तेवढं. गोचुजांग खारट, सोया सॉस त्याहून खारट, सॉस आटला की दोन्ही आणखी खारट, आणि खाली खिम्यात आपलं मीठ. पहिला गोळा खाल्ला आणि दोन तांबे पाणी प्यालो. आता मी किलोला एक सपाट छोटा चमचा मीठ घालतो, बस्स. दुसरी चूक, कच्च्या गोळ्यांना सॉस फासून मग ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ठेवले. सॉसात गोड आहे, गोड जळतं, हे काय मला माहीत नव्हतं का, चिक्की करतो की आपण. पण नाही, अठरा मिनिटांनी ट्रे काढला तर गोळ्यांच्या बुडाला काळी खरपुडी आणि घरभर जळक्या काकवीचा वास. बायको दारात उभी राहून नुसतं म्हणाली, "अहो, डबा केवढ्याचा म्हणालात?"

आता जे जमलं ते. दीड किलो बोकडाचा खिमा, कॅम्पातल्या आमच्या नेहमीच्या मटणवाल्याकडून, त्याला सांगायचं खांद्याचं मटण घाल, चरबी सगळी काढू नकोस आणि मशीनमधून दोनदा काढ. तिकडं हे बीफचे नाहीतर पोर्कचे करतात, त्यात चरबी जास्त असते म्हणून गोळा मऊ राहतो. आपलं बोकड सुकं, त्याचा गोळा चरबीशिवाय केलात तर क्रिकेट खेळा. त्यात बेकरीच्या चार पावांचा मऊ भाग दुधात भिजवून, घट्ट पिळून घातला, दोन अंडी, दोन कांदे बारीक किसून आणि पिळून (न पिळता घातले तर गोळे बसतात), आलं-लसूण, मिरपूड, कांद्याची पात. कोरियात वानजा म्हणून गोळे असतात त्यात टोफू पिळून घालतात, पिठात आणि अंड्यात बुडवून तव्यावर परततात, ते एक वेगळंच प्रकरण. वर चकचकीत सॉस आणि टूथपिक ही पार्टीवाल्यांची कल्पना, त्यामुळं कुणी मला अस्सल-बिस्सल विचारू नये. खिमा फार मळायचा नाही. आपल्याला कणकेची सवय, हात थांबत नाहीत, पण जास्त मळलं की रबर होतं. मिसळलं की थांबायचं, अर्धा तास फ्रिजमध्ये, मग तेलाचा हात लावून आवळ्याएवढे गोळे वळायचे. पंचवीस ग्रॅमचा एक. पहिले चार काट्यावर मोजले, मग हातालाच कळायला लागलं, आमच्या हातांना वजन कळतं, धंदाच तो. मोजून पंचाहत्तर झाले, माणशी तीन.

ओटीजी २०० अंशावर आधी तापवून ठेवलं, एका ट्रेत चोवीस बसतात, पंधरा ते अठरा मिनिटं. खिम्याचा गोळा आतून ७१ अंशापर्यंत जायला पाहिजे म्हणतात, ज्याच्याकडं थर्मामीटर असेल त्यानं खुपसावा, मी एक मधोमध कापून बघतो आणि बघितलेला खातो. पहिला ट्रे झाला, दुसरा आत गेला, आणि करंट गेला. पाहुणे सातला येणार, घड्याळात सव्वासहा. उरलेले एक्कावन्न गोळे मग बिडाच्या तव्यावर परतले, थोडं शेंगतेल घालून, हलवत हलवत. आणि खोटं बोलत नाही, तव्यावरचे जास्त चांगले झाले. ओटीजीतले सगळ्या बाजूनं सारखे शिजतात पण फिकट राहतात, तव्यावरच्यांना ठिकठिकाणी तांबूस डाग पडतात आणि सॉस त्या डागांना धरून बसतो. गुळगुळीत गोळ्यावरून सॉस घसरतो. करंट गेला नसता तर हे मला कळलंच नसतं, तरी करंट घालवणाऱ्यांचे आभार मी मानणार नाही.

सॉस. ह्यासाठीच डबा घेतला, म्हणून जरा सावकाश सांगतो. गोचुजांग सहा मोठे चमचे, सोया सॉस तीन, काकवी चार, व्हिनेगर दोन, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या किसून, पाणी एक वाटी. तिकडं मध किंवा सिरप घालतात, मी काकवी घातली कारण उसाच्या पट्ट्यात राहून बाटलीतला सिरप विकत आणायचा म्हणजे अती झालं. गोचुजांग पाण्यात आधी कालवून घ्यायचं, नाहीतर गुठळ्या कढईत फुटत नाहीत. मंद आच. पहिली दोन मिनिटं ते पातळ पिठल्यासारखं फदफद करतं आणि वास कच्चा येतो, घाबरायचं नाही. मग बुडबुडे लहान-मोठे असे न होता सगळे सारख्या मापाचे व्हायला लागतात, कडेला रंग गडद होतो, आणि कच्चा आंबूस वास जाऊन भाजलेल्या लसणाचा गोडसर वास यायला लागतो. चमच्यावर घेऊन बोटानं मध्ये रेघ ओढायची, रेघ तशीच राहिली की झालं. एकतारी पाकाच्या जरा अलीकडं. ह्याच्यापुढं एक मिनिट जरी ठेवलंत तर गार झाल्यावर गोळे एकमेकांना चिकटून लाडूंचा ढीग होतो, गच्चीवर वारं होतं त्यामुळं माझ्या शेवटच्या ताटलीचं तेच झालं.

इथं मी दीड चमचा आमची संकेश्वरीची चटणी घातली. डब्यातली चव तशीच राहिली आणि मागून जाळ आला, लगेच नाही, घास गिळल्यावर, मानेकडून. पुतणीच्या मैत्रिणी आधी "वॉव कोरियन" म्हणाल्या आणि मग एकेक करून पाणी शोधायला लागल्या. मला बरं वाटलं.

गोळे सॉसात सोडून दोन मिनिटं घोळवायचे, आच बंद, वरून भाजलेले तीळ आणि हिरवी पात. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिकडच्या तीळ तेलाची रेसिपी बघून आपलं घाण्याचं तीळ तेल चमचाभर ओतू नका. त्यांचं तेल खरपूस भाजलेल्या तिळाचं असतं, दोन-चार थेंब वासासाठी घालतात. आपलं कच्च्या तिळाचं, त्याला तो वासच नाही, नुसतं तेलकट होतं. मी तीळ जरा जास्तच खरपूस भाजून, निम्मे खलबत्त्यात भरड कुटून घातले. काम झालं, दुसरी बाटली वाचली.

आता तक्रार म्हणा किंवा सूचना म्हणा, मागचा मजकूर वाचा. माझ्या डब्यावर गहू होता आणि अल्कोहोल पण होतं, टिकण्यासाठी थोडं घालतात, बऱ्याच कंपन्या घालतात. माझा शाळेपासूनचा दोस्त घरच्यांना घेऊन येणार होता, त्यानं आदल्या दिवशी फोन करून साधं विचारलं, "मटण तर आपल्याच दुकानातलं असेल, सॉसात काही दारू-बिरू नाही ना?" मी हसत नाही म्हणालो, फोन ठेवला, सहज डबा फिरवला आणि गार पडलो. परत फोन लावून सांगितलं. हलालचा शिक्का असलेला गोचुजांग मिळतो, पण त्या दुकानात तेव्हा नव्हता, आणि दुसरा मागवायला वेळ नव्हता. दुकानदारानं हे आपणहून सांगायला नको का? निदान फळीवर एक चिठ्ठी. असो.

तर त्यांच्यासाठी वेगळी कढई. ब्याडगी गरम पाण्यात भिजवून वाटली, लसूण, चिंचेचा कोळ, काकवी, मीठ, सोया सॉस-व्हिनेगर काही नाही. रंग बघाल तर डब्याच्या सॉसापेक्षा सरस, लालभडक. दोस्तानं सहा खाल्ले, त्याच्या बायकोनं रेसिपी लिहून घेतली. मग मी मुद्दाम दोन्ही एकापाठोपाठ एक खाऊन बघितले, कारण माझ्या डोक्यात तोपर्यंत शंका आली होती की साडेपाचशे उगीच घातले. उगीच नाही. आपल्या ब्याडगीचा सॉस जिभेवर मस्त येतो आणि पाण्याच्या घोटासोबत जातो. डब्याचा सॉस गोळा संपल्यावर पण तोंडात राहतो, मुरलेल्या लोणच्याची फोड चोखल्यावर राहतो तसा. ते मुरणं घरी एका दुपारी होत नाही. त्याचेच पैसे आहेत, मिरचीचे नाहीत.

शाकाहारींसाठी सोयाबीन वड्यांचे तीस गोळे वेगळे केले होते, उकडलेला बटाटा आणि पावाचा चुरा घालून, आमच्याकडं बसवण्णांना मानणारी दोन घरं नेहमीची आहेत. त्यांना ते इतके आवडले की खिमावाल्यांनी पण त्यात हात घातला आणि मला मध्ये पडून ताट वाचवावं लागलं. सोयाबीनवर सोयाबीनचा सॉस, जमणारच. शेजारच्या जैन काकूंसाठी मात्र माझ्याकडं काही उत्तर नव्हतं, लसूण, कांदा, बटाटा, सगळंच अडलं. त्यांनी कुंदा खाल्ला, तो पण दोनदा.

मापाचं सांगतो. पाचशे ग्रॅमच्या डब्यातलं ट्रायलला थोडं, खिम्याला आणि सोयाबीनला मिळून बाकीचं, असा साधारण निम्म्यापेक्षा जास्त डबा गेला. म्हणजे माणशी पंधरा रुपयांच्या आतच पडला, खिम्याच्या हिशेबात हे काहीच नाही. पंचवीस माणसांना एक डबा डोळे झाकून पुरतो. चार माणसांसाठी घेणार असाल तर लहान डबा मिळतो का बघा, कारण रोजच्या जेवणात ते कुठंच बसत नाही. मी आमटीत घालून बघितलं. घालू नका. भाकरीबरोबर पण खाल्लं, कच्चा कांदा आणि शेंगतेल घालून, एकदा ठीक आहे, दुसऱ्या दिवशी परत आपल्या चटणीकडं हात गेला. शिळ्या भाताला परतताना अर्धा चमचा मात्र फार छान लागतो, वर अंडं.

उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं, कोरडा चमचा, आणि वरून प्लास्टिक दाबून बसवायचं. वरचा थर काळपट पडतो, बायकोनं खराब झालं म्हणून टाकायला काढलं होतं, मी वाचवलं. हवेनं रंग बदलतो एवढंच, बुरशी नसेल तर खुशाल वापरा.

तर स्टार. चवीला चार. किमतीला अडीच, आमच्या घरातून ह्यापेक्षा जास्त निघणार नाहीत. दुकानाला तीन, डबा चांगला दिला पण शेजवान म्हणाला. ॲपला एक, तो पण पैसे परत आले म्हणून.

उरलेला डबा फ्रिजच्या दारात आहे. परवा आई मध्येच उठून पाणी प्यायला गेली, डबा बघितला, बाहेर काढला, झाकण उघडून वास घेतला, परत ठेवला आणि मला हाक मारली.

"हे संपलं की डबा धुवून मला दे. झाकण घट्ट आहे, मिठाला होईल."